फळ्यावरचं पहिलं पान

आक्का भरली घागर घेऊनच छापखान्यात आली आणि तिनं ती भैरवीच्या टेबलावर आदळली.

"पी बघू ह्यातलं घोटभर. आठ दिस झालं, नळाला गटारीचं पाणी येतंय. तुझा बा म्हापौर झालाय न्हवं?"

दत्तोपंत महापौर झाले तेव्हा त्यांनी आपलं सायंदैनिक लेकीच्या, भैरवीच्या हाती दिलं. त्या पेपरचा रिवाज जुना: तक्रार छापायची ती जबाबदार माणसाच्या नावासकट, पहिल्या पानावर. त्यापायी पंतांनी जाहिराती घालवल्या, सोयरेही दुखावले. पहिला अंक ते चौकातल्या फळ्यावर स्वतः डकवायचे, आमच्यासारख्या फुकट्यांसाठी.

भैरवीनं बातमी लिहिली, पण नावापाशी हात अडला. उद्या महापालिकेची सभा, बापाची पहिलीच. विरोधक टपलेले. शेवटी तिनं 'संबंधित अधिकारी' लिहून वेळ मारून नेली.

दुपारी पंत डोकावले. पान वाचून त्यांनी चष्मा काढला.

"संबंधित म्हणजे कोण गं? त्याला आईबापानं नाव ठेवलं नाही काय?"

उद्या सभेत हाच अंक तुमच्यापुढं नाचवतील, असं भैरवी म्हणाली.

"नाचवू देत की. आक्कानं मत संबंधित अधिकाऱ्याला दिलेलं नाही, मला दिलंय. घाल नाव."

तिनं नाव घातलं. डोळे भरले होते, पण पोरगी ताठ बसली होती. हे तिनंच आम्हाला मागाहून सांगितलं.

संध्याकाळी महापौरांची गाडी चौकात थांबली. आम्हाला वाटलं, हारतुरे असणार. पंत उतरले ते खळीचा डबा घेऊन. अंक डकवून त्यांनी तळहातानं सुरकुत्या काढल्या. पानवाल्या जोतीरामनं आयुष्यात कुणाला बरं म्हटलेलं नाही. तोसुद्धा चुना लावायचा थांबला.

आक्का गर्दीतून पुढं आली. चष्मा घरी राहिला होता, म्हणून तिनं पंतांनाच वाचायला सांगितलं. पंतांनी खणखणीत आवाजात सगळं वाचलं, शेवटी स्वतःचं नावही.

"वाचलंस," आक्का म्हणाली. "आता पाणी?"

"चला, नळ दाखवा."

खळीचा हात सदऱ्याला पुसत पंत तिच्यामागं गल्लीत चालू लागले. आम्हीही निघालो. छाती अशी फुगली होती की जणू आम्हीच महापौर. महापौरांची गाडी आमच्यामागून रिकामीच येत होती.