बखूरच्या धुरातलं फुलपाखरू

अबुधाबीच्या अल रीम आयलंडवर बत्तिसाव्या मजल्यावरच्या त्या दाराबाहेर चपलांना जागा उरली नव्हती. आत आत्मे बोलावणाऱ्या निरंजनदादांनी चिमट्यात लाल दगड धरला होता. नखाएवढा, गुळगुळीत, कोरा.

"दोन हजार वर्षांपूर्वीचा रोमन दगड. रास अल खैमाच्या वाळूत सापडला. बोलावलेला आत्मा ह्यात फुलपाखरू होऊन येतो. पण घाई नको, हबीबी. आत्मे काय लिफ्टने येतात?"

लोक हसले. कुंदाताई हसल्या नाहीत. दोन महिन्यांपूर्वी त्यांचे यजमान, उल्हासराव, गेले. परवाच्या बैठकीत दादांनी त्यांचा निरोप सांगितला होता : कुंदाने इन्सुलिन सोडावं, तिचं दुखणं मी ओढून घेईन. तेव्हापासून त्यांनी सुई घेतली नव्हती. आज सकाळी साखर चारशेवर होती. खुद्द फुलपाखरू दिसलं, की इन्सुलिन कायमचं बंद करायचं त्यांनी ठरवलं होतं. मुलगी शुभ्रा शेजारी बसली होती. घरी वाद घालून ती थकली होती.

दादांनी दगड बखूरच्या, म्हणजे अरबी धुपाच्या, निखाऱ्यांवर धरला. सुगंधी धूर उठला आणि त्या धुरात शुभ्राला एक ओळखीचा वास आला. दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या डेंटल लॅबमध्ये दिवसभर तिच्या हाताला असायचा तोच, तापलेल्या मेणाचा.

दादांनी लाल रुमालाने दगड पुसला. त्यावर फुलपाखरू उमटलं होतं.

"उल्हासराव आले."

शेजारी बसलेल्या बेटी नावाच्या बाईने क्रूसाची खूण केली. कुंदाताईंनी हात जोडले.

"दादा, रुमाल दाखवा," शुभ्रा म्हणाली.

"रुमाल सिद्ध केलेला आहे. बैठक खलास."

"द्या ना, दादा," बेटीचा नवरा व्हर्नन म्हणाला. "रुमालात पण आत्मा आहे काय?"

त्यानेच तो ओढून घेतला. घडीत ताजं लाल मेण होतं. शुभ्राने दादांच्या हातून चिमट्यासकट दगड घेतला. मेण नखाने खरवडलं, बोटांत मऊ केलं, फुलपाखराच्या खाचांत दाबलं आणि एमिरेट्स आयडी कार्डाच्या कडेने सपाट केलं. दगड पुन्हा कोरा.

"आई, कोणाला बोलावू नकोस. नुसता धर."

कुंदाताईंनी चिमटा निखाऱ्यांवर धरला. मग दगड पुसला. फुलपाखरू परत आलं.

"फुलपाखरू म्हणजे आत्मा, असं रोमन लोक खरंच मानत," शुभ्रा म्हणाली. "असा कोरलेला दगड अंगठीत बसवून ते मेणावर शिक्का मारत. दादांनी मेणच खाचांत भरून फुलपाखरू लपवलं. तापल्यावर ते वितळून रुमालात आलं."

"मग हे काही बोललेच नाहीत?"

बाबांचा एक शब्द शुभ्रालाही हवा होता.

"नाही, आई."

कुंदाताईंनी दगड खाली ठेवला आणि लोकांकडे वळल्या.

"परवा मला औषध सोडायला सांगितलं, तेव्हा तुम्ही माना डोलावल्यात. मीही डोलावली. पुढे कोणी असं सांगितलं, तर आधी विचारा, हे तुम्हाला कसं कळलं? उत्तर तपासता आलं नाही, तर औषध सोडू नका. चल शुभ्रा, मला सुई घ्यायची आहे."