घड्याळबाईंचं जॅकेट

"कुडकुडणाऱ्या माणसाची एवढी काळजी नको करूस. कुडकुडायचा थांबला, की पळ."

माझ्या सासूबाईंनी मला हे सांगितलं तेव्हा मुलगी दोन महिन्यांची होती. आंघोळ झाल्यावर टॉवेलात तिची हनुवटी थरथरत होती आणि मी खिडक्या, दार, दाराखालची फट असं जे दिसेल ते बंद करत सुटले होते. सासूबाई शांतपणे तिच्या पायाची बोटं पुसत होत्या. मला त्यांचं बोलणं जुन्या वळणाचं, थोडं निर्दयही वाटलं. मी पदवीधर, फोनमध्ये बाळाच्या तापमानाचा तक्ता उघडून बसणारी. "हो, आई," म्हटलं आणि दुसरा टॉवेल आणायला गेले.

हे आठवायचं कारण, खालच्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाई परवा जिन्यात भेटल्या. त्यांचे मिस्टर पहाटे दुधाची गाडी घेऊन जातात. त्यांनी विचारलं, तुमच्या सासूबाई घालतात ते जॅकेट फार महाग आहे म्हणे, घेण्यासारखं आहे का? मी 'सांगते' म्हणाले आणि कडेवरच्या मुलीला घेऊन वर आले. हो किंवा नाही एवढंच सांगून भागणार नव्हतं.

सासूबाई बावीस वर्षं शीतगृहात काम करतायत. गोठवलेल्या भाज्या, फळांचे तुकडे, मासे यांची खोकी तिथे छतापर्यंत रचलेली असतात. चार नंबरच्या खोलीत उणे वीस अंश. सासूबाईंचं काम मालाची मोजदाद ठेवण्याचं आणि दर तासाला काटा बघून तापमान लिहून ठेवण्याचं. पण त्यांचं खरं काम कुठल्याच कागदावर नव्हतं. त्या खोलीच्या दाराबाहेर एक फळी आहे, फळीवर अकरा खिळे. आत जाणाऱ्याने आपल्या नंबरचा पत्र्याचा बिल्ला खिळ्याला लावायचा आणि खाली खडूने वेळ लिहायची. वीस मिनिटं आत, मग दहा मिनिटं गरम खोलीत. आत असलेल्या माणसाला वेळ कळत नाही, म्हणून ती दुसऱ्या कुणीतरी सांगावी लागते. ती सासूबाई सांगायच्या. "पाच नंबर, बाहेर." "आठ नंबर, बाहेर." एवढंच. सगळे त्यांना घड्याळबाई म्हणायचे, आणि साहेब लोकसुद्धा त्यांच्या हाकेला उलट बोलत नसत.

लग्न होऊन मी या घरात आले, तेव्हा त्या कामावरून आल्या की निदान अर्धा तास घर दणाणायचं. चहाचा ग्लास दोन्ही हातांत धरून त्या एकेकाला धारेवर धरायच्या. दाराचं रबर फाटलंय आणि मॅनेजरला ते दिसत नाही, कारण त्याच्या टेबलाला चाकं आहेत, तो उठतच नाही. कोट म्हणजे ओली गादी. गुडघे कुणाचे आहेत कोण जाणे, आपले तर वाटत नाहीत. माझा नवरा म्हणायचा, आई ठणठणीत आहे हे ओळखायला डॉक्टर लागत नाही, दाराबाहेर उभं राहिलं की कळतं.

मुलगी झाल्यावर माझं सगळं लक्ष एका पाळण्यात जाऊन बसलं. तिचा श्वास, तिची शी, तिचं अर्ध्या अंशाने तापलेलं अंग. सासूबाई संध्याकाळी आता गप्प असतात, हे मला जाणवलं होतं. घरात शांतता आहे, बाळ झोपतंय, बरंच झालं, असं वाटलं होतं.

मुलगी सहा महिन्यांची असताना एकदा सासूबाईंनी तिला आंघोळीचं पाणी घातलं आणि ती किंचाळली. मांडी लालभडक. पाणी कढत होतं. मी मुलीला ओढूनच घेतलं. सासूबाई पुन्हा पुन्हा पाण्यात बोटं घालून बघत होत्या, जसं काही पाणीच त्यांना फसवतंय. मी म्हणाले, "राहू द्या आई. उद्यापासून मी घालीन." त्यांनी हात पुसले आणि आत गेल्या. एक टोमणा नाही, काही नाही. मला सुटल्यासारखं वाटलं. ते आठवलं की अजूनही माझं मलाच कसंतरी होतं.

जॅकेट मी त्याच सुमारास पाहिलं. मुलीसाठी टोपी घ्यायला गेले होते. दुकानातल्या मुलीने ते माझ्या हातात दिलं, आणि हातात काही आलं असं वाटेचना. रिकाम्या पिशवीएवढं वजन. तिने मला ते मुठीत चुरगळायला लावलं. मूठ उघडली आणि ते कणाकणाने पुन्हा फुगलं, जिवंत असल्यासारखं. मग तिने बाटलीतलं पाणी त्यावर ओतलं. पिसं भरलेलं जॅकेट भिजलं की आत लगदा होतो, ती म्हणाली, हे कृत्रिम धाग्याचं आहे, ओलं झालं तरी ऊब धरतं. मी बाही उलटी करून आत हात घातला. थोड्याच वेळात माझाच हात मला गरम वाटायला लागला. माणसांनी हे कुठेतरी बसून, डोकं लावून बनवलंय, या विचाराने मी तिथे बराच वेळ उभी राहिले.

घरी आल्यावर मुलीला पाजताना मी लोकांनी लिहिलेले अभिप्राय वाचत बसायचे. एकाला डोंगरावर फार उपयोगी पडलं होतं. एकीची चेन वर्षात बिघडली होती. दिवसातून वीस-वीस वेळा उणे वीसमध्ये जाऊन येणाऱ्या बाईबद्दल कुणीच लिहिलं नव्हतं. नवरा म्हणाला, आईला विचारून बघ, ती काय म्हणेल ते मी आत्ताच सांगतो. सासूबाईंनी किंमत ऐकली आणि म्हणाल्या, एवढ्या किमतीचं अंगात घातलं तर थंडीच लाजून खोलीबाहेर जाईल, मग भाज्यांचं काय? आम्ही हसलो. तो विषय तिथेच राहिला.

मग तो चष्म्याचा दिवस. सासूबाई चष्मा ओट्यावर विसरून गेल्या होत्या. काटा वाचायला तो हवाच. मी मुलीला घेतलं आणि शीतगृहात गेले. त्यांचं कामाचं ठिकाण मी तोवर पाहिलंच नव्हतं. ऑफिसातल्या टंकलेखिका बाईंनी मुलीला मांडीवर घेतलं, कुणीतरी मला पाहुण्यांचा कोट दिला आणि पाच मिनिटांच्या वर थांबायचं नाही म्हणून बजावलं.

फळी मी लगेच ओळखली. चार बिल्ले लागले होते, खाली खडूने वेळा. पहिला खिळा रिकामा होता. एक नंबर सासूबाईंचा, हे मला माहीत होतं. म्हणजे त्या बाहेरच असणार. शेजारी गरम खोलीत खोकी उचलणारी एक दणकट बाई हीटरला पाठ लावून बसली होती. मी तिला विचारलं, घड्याळबाई कुठे आहेत.

"आत. आणखी कुठे असणार?"

"पण त्यांचा बिल्ला नाही."

ती हसली. "घड्याळाला घड्याळ लागतं का? त्या कधीच लावत नाहीत."

किती वेळ झाला आत जाऊन, मी विचारलं. तिने समोरच्याकडे पाहिलं, त्याने आणखी एकाकडे. तिचं हसू हळूहळू उतरलं. दहा माणसांची वेळ सांगणाऱ्या बाईची वेळ तिथे कुणालाच सांगता येईना.

दार तिजोरीसारखं जाड होतं. त्याच्या पलीकडे प्लास्टिकच्या पट्ट्या, त्यांच्या पलीकडे धुकं. मी आत पाऊल टाकलं आणि नाकात काहीतरी कडकन आखडलं. तो माझाच श्वास होता. पापण्या एकमेकींना चिकटायला लागल्या. वर पंख्यांचा घुमणारा आवाज, आणि त्याखाली इतकी शांतता की रक्त कानात ऐकू यावं. रॅक नुसते वर वर जात होते, आणि प्रत्येक पट्टीवर, प्रत्येक खिळ्यावर बर्फाची बारीक पांढरी लव उगवलेली. मी डोंगर पाहिलेत, समुद्र पाहिलाय. पण माणसाला इथे काही स्थान नाही, असं सांगणारी जागा मी पहिल्यांदाच पाहत होते. आणि त्या जागेत माझ्या घरातली बाई बावीस वर्षं डबा घेऊन येत होती.

सासूबाई पार टोकाला उभ्या होत्या. हातात पेन्सिल, कारण शाई गोठते. खोक्यावर पेन्सिल आपटायची, आवाज ऐकायचा, पुढे सरकायचं. भरलेल्या खोक्याचा आवाज वेगळा, फुटक्याचा वेगळा; त्या कानाने मोजत होत्या. मधेच, मान न वळवता, "तीन नंबर, बाहेर." त्यांच्या दुप्पट आकाराचा एक माणूस हातातलं खोकं ठेवून मुकाट्याने निघाला. त्याचे दात वाजताना मला ऐकू येत होते. माझेही वाजत होते.

त्यांचे वाजत नव्हते.

"अगं, तू?" त्या हसल्या. "बघ, आज किती छान वाटतंय इथे. मी तर बटणं काढली."

कोटाची वरची दोन बटणं उघडी होती. मी चष्मा पुढे केला. त्यांचा हात आला, बोटं मिटली, पण चष्म्यावर नाही. तो खाली पडला आणि त्या बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिल्या, कुणाचा आहे ते आठवत असल्यासारख्या. हातातल्या कागदावर एकाच रांगेचा नंबर पाच वेळा लिहिला होता.

कुडकुडायचा थांबला, की पळ.

मी त्यांचा दंड धरला. कोटाचा कापूस आतून भिजलेला आणि वरून कडक झालेला. बाहेर आलं की लव वितळून तो ओला होतो, आत गेलं की गोठतो, असं दिवसभर चालायचं. चला, म्हटलं. त्या हलेनात. माझी माणसं आत आहेत, म्हणाल्या, सगळे गेल्यावर मी. मी ओढलं, विनवलं, मुलगी रडतेय म्हणून खोटंही सांगितलं. त्यांनी माझ्याकडे मायेने पाहिलं आणि पुन्हा खोक्यावर पेन्सिल टेकवली.

मग मला काय सुचलं माहीत नाही. मी हात सोडला, एक पाऊल मागे झाले आणि त्यांच्याच सुरात म्हणाले, "एक नंबर, बाहेर."

त्यांनी पेन्सिल कानावर ठेवली आणि दाराकडे चालायला लागल्या. मन कुठे होतं देव जाणे, पण पायांनी हुकूम ऐकला होता. मी मागून चालत होते. इतका दरारा त्यांनी त्या एका हाकेत बावीस वर्षं भरून ठेवला होता, आणि कधी स्वतःसाठी वापरला नव्हता.

गरम खोलीत त्यांचा कोट काढला, घोंगड्यांत गुंडाळलं. मी हातपाय चोळायला गेले, तर त्या दणकट बाईने मला अडवलं. चोळायचं नाही, घड्याळबाईंनीच शिकवलंय, नुसतं धरून बसा. आम्ही दोघी दोन बाजूंनी त्यांना धरून बसलो. कुणीतरी दवाखान्याच्या गाडीला फोन केला. मी त्यांच्या हनुवटीकडे बघत होते. ती दगडासारखी स्थिर. आणि मग, बऱ्याच वेळाने, ती थरथरली. एकदा, पुन्हा एकदा, मग दात कडाकडा वाजायला लागले, सगळं अंग गदागदा हलायला लागलं. मी आयुष्यात इतकं सुंदर काही पाहिलेलं नाही. मला रडू आवरेना. दणकट बाई मला म्हणाली, आता कशाला रडता, आता तर त्या बऱ्या होतायत.

डॉक्टर म्हणाले, आणखी थोडा वेळ गेला असता तर बोलण्यासारखं काही उरलं नसतं. वय, ओला कोट, विश्रांती नाही. उजव्या हाताची दोन बोटं मात्र पूर्वीसारखी होणार नाहीत. त्यांतली जाणीव बरीच आधी गेलेली असणार. मी विचारलं, आई, कधीपासून? तीन-चार महिने, त्या म्हणाल्या. सांगितलं का नाही?

"सांगू काय? दुखत नव्हतं गं."

मला कढत पाणी आठवलं. पाण्यात पुन्हा पुन्हा बुडणारी ती बोटं आठवली.

जॅकेट आणलं. नवऱ्याने किमतीबद्दल तोंडातून शब्द काढला नाही. महिन्याभराने सासूबाई पुन्हा कामावर गेल्या, आमचं न ऐकता. पहिल्या दिवशी घरी आल्या, जॅकेट खुर्चीवर टाकलं आणि सुरू झाल्या. गळ्याशी टोचतं. खिसे इतके खोल की हात शोधायला माणूस लावावा लागेल. आणि एवढी किंमत मोजून थंडी वाजायची ती वाजलीच. मी चहा टाकला आणि पाठमोरी उभी राहून ऐकत राहिले. अर्धा तास. मुलगी उठली तरी ऐकत राहिले.

तेव्हा शिक्षिकाबाई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर: हो, घ्या. हलकं आहे, ओलं झालं तरी ऊब धरतं, चेन अजून शाबूत आहे. पण ते जॅकेट खिळ्याला बिल्ला लावत नाही. तो आता ती दणकट बाई लावायला लावते, खडूने वेळ लिहिते आणि वीस मिनिटांनी दार उघडून ओरडते, "एक नंबर, बाहेर." सासूबाईंचं म्हणणं आहे की ती मुद्दाम दोन मिनिटं आधी ओरडते, मजा घ्यायला.

मुलीला आंघोळ आता पुन्हा त्याच घालतात. आधी पाण्यात कोपर बुडवतात, थोडा वेळ डोळे मिटून थांबतात, मग मला हाक मारतात. "बघ गं, बरोबर आहे ना." मी हात घालते. पाणी नेहमीच बरोबर असतं. तरी मी रोज हात घालते.

आणि तुम्ही, हे वाचणारे. तुमच्याही घरात कुणी असेल, सगळ्यांचं वेळेवर बघणारं. त्यांची कुरकुर शेवटची कधी ऐकलीत? आठवत नसेल, तर हे खाली ठेवा आणि आधी जाऊन बघून या.