राखीव सावली

बॅटरीवाले आजोबा सतरंजी काखोटीला मारून सकाळी ऊन पडताच तळ्याकाठच्या बागेत हजर झाले. उभा जन्म थिएटरात डोअरकीपर म्हणून गेला. अंधारात बॅटरी दाखवत लोकांना त्यांच्या त्यांच्या खुर्चीपर्यंत पोचवायचं, म्हणून हे नाव चिकटलं ते चिकटलंच. आता थिएटर पाडलं, नोकरी संपली, पण दुसऱ्यांच्या जागेचं काम काही सुटलं नाही. रविवारी या बागेत सावली मिळवायची म्हणजे लढाईच. उशिरा येणाऱ्यांनी पोराबाळांसकट करपायचं. म्हणून मुलगा आदल्या दिवशी म्हणाला होता, "बाबा, तुम्ही तसेही लवकर उठता. पुढे जाऊन जागा धरा, आम्ही येतो मागून."

आजोबा खूश! सहल म्हणून त्यांनी जन्मात पाहिली नव्हती हो. रविवारी थिएटरात खेळ जास्त, गर्दी जास्त. मुलगा लहान होता तेव्हा त्याला फिरायला न्यायचं ते त्याच्या आईने. आज मात्र नातीबरोबर तळ्यात होडी सोडायची, बस्स, एवढीच त्यांची हौस. होडीही अशी तशी नाही. थिएटर पाडताना उचलून आणलेला खुर्चीचा लाकडी हात, तो चाकूने महिनाभर कोरत बसले होते. नात, म्हणजे पिटुकली, रोज शाळेतून आली की विचारायची, "झाली का?" काल झाली. दोघांनी मिळूनच ती पाण्यात सोडायची, तिसऱ्याने हात लावायचा नाही, असं पक्कं ठरलं होतं.

चांगलं डेरेदार झाड बघून त्यांनी सतरंजी अंथरली, ती मात्र भर उन्हात.

"आजोबा, सावली इकडंय की!" पलीकडचं बिऱ्हाड फिदीफिदी हसलं.

हसा लेको! सकाळची सावली दुपारी तिथे राहत नाही, हे यांना कोण सांगणार? आजोबा छत्री उघडून बसून राहिले. मान भाजली, शर्ट पाठीला चिकटला, बाटलीतलं पाणी चहासारखं झालं, पण उठले नाहीत. दुपार व्हायला आली तशी झाडाची सावली हळूहळू सतरंजीवर आली आणि हसणाऱ्यांनी आपलं बोचकं गुंडाळलं.

तेवढ्यात एक जोडपं आलं. बाईच्या कडेवर पोरगं, तोंड लालबुंद.

"आजोबा, जरा कोपऱ्यावर टेकू का? पोराला ऊन बाधलंय."

"माणसं येताहेत माझी," आजोबा जुन्या नोकरीच्या आवाजात म्हणाले.

थोड्या वेळाने नवरा पुन्हा विचारून गेला. आजोबांनी पुन्हा नाही म्हटलं. बाई पदराने पोराला वारा घालत उन्हात बसली. आजोबांना लाज वाटली, पण माणसं खरंच यायची होती.

पोटात कावळे ओरडायला लागले तेव्हा मंडळी उगवली. मुलगा, सून, पिटुकली आणि सोबत सुनेची बहीण, तिचा नवरा, त्यांची दोन पोरं.

"वा बाबा! मानलं तुम्हाला!" म्हणत सगळ्यांनी बसकण मारली. पिशव्या, डबे, कलिंगड. सतरंजी भरून गेली आणि आजोबा चपला हातात घेऊन कडेला उभे राहिले.

पिटुकली त्यांच्या पायांना बिलगली. "चला ना, होडी!"

"आत्ता नाही हं, ऊन उतरू दे," सून म्हणाली. मग पाय पसरता पसरता, "आणि बाबा, फ्रिजवाला आज दुरुस्तीला येतो म्हणालाय. घरी कुणीतरी हवं ना."

आजोबांनी मुलाकडे पाहिलं. मुलगा कलिंगड कापत होता. मान वर न करता म्हणाला, "तसंही ऊन फार आहे बाबा, तुम्हाला झेपायचं नाही."

झेपायचं नाही! कपाळ!

पिटुकलीचा ओठ थरथरायला लागला. तसा मुलगा घाईने म्हणाला, "अगं, फ्रिजचं काम झालं की आजोबा लग्गेच परत येणारेत. हो की नाही, बाबा?"

आजोबांच्या तोंडून हो निघेना, नाहीही निघेना. त्यांनी होडी तिच्या हातात दिली. जाता जाता छत्री त्या उन्हातल्या बाईपुढे धरली. तिने ती घेतली, पण त्यांच्या तोंडाकडे बघितलं नाही.

घरी फ्रिजवाला आलाच नाही. संध्याकाळी त्याचा फोन आला, "आज नाही जमत काका, पुढच्या रविवारी बघू."

दिवेलागणीला मंडळी परतली. पिटुकली बापाच्या खांद्यावर मान टाकून, चेहरा भाजून निघालेला, ओठ सुकलेले, अंगात ताप. मुठीत होडी, कोरडी ठणठणीत.

"बघा आपल्या लाडकीला!" सून कडाडली. "आमचा जेवून जरा डोळा लागला, तर ही दुपारभर पाण्याच्या काठाशी उन्हात बसलेली! ओढायला गेलं की किंचाळते. म्हणे, आजोबांची जागा धरलीय. अगदी तुमच्यावर गेलीय!" आणि मग रडकुंडीला येऊन, "आधी बर्फ आणा कुणीतरी!"

बर्फ कुठला? फ्रिज बंद. मुलगा पंचा भिजवायला नळाकडे धावला, तर गच्चीवरच्या टाकीतलं पाणी अजून कढत येत होतं.

आजोबांनी पोरीला मांडीवर घेतलं. तिने डोळे किलकिले केले. "आलात? बाबा म्हणाले होते, लगेच येणार."

मुलगा नळापाशी होता. त्याला ऐकू जाईल अशा आवाजात आजोबा म्हणाले, "नाही गं राणी. मी येणारच नव्हतो. तुझे बाबा खोटं बोलले, आणि मी तिथे गप्प उभा राहिलो."

मुलाने मागे वळून पाहिलं नाही. नळ तसाच वाहत राहिला.