बाजेवरचा सव्वा महिना

उषाबाईंचा उजवा गुडघा बदलला आणि त्या तीर्थपुरीजवळच्या आपल्या गावी परत आल्या, तेव्हा कल्याणने एकच अट घातली. दिवाळीपर्यंत आईला आधाराशिवाय चालता आलं तर तिने खुशाल गावात एकटं राहावं. नाहीतर घराला कुलूप घालून पुण्याला यावं. उषाबाई हसल्या. या पायांनी उभ्या जन्मात कधी नाही म्हटलं नव्हतं. शहागडला गोदावरीच्या वाळूतून डोक्यावर टोपलं घेऊन त्या उतरायच्या, दिवसभर उकिडव्या बसून खुरपायच्या, पण आपल्याला गुडघा आहे याची तेव्हा आठवणही नसायची.

दवाखान्यात व्यायाम करून घेणाऱ्या शीतलने निघताना बजावलं होतं, की उशी घ्यायची ती टाचेखाली, गुडघ्याखाली कधीच नाही. गुडघा नुसत्या बिजागरीसारखा नसतो. पाय सरळ होताना शेवटी तो किंचित वळतो आणि कडी बसावी तसा बसतो. ती कडी बसली तरच माणूस नीट उभा राहतो. दुखलं तरी रोज वाकवायचा, रोज सरळ करायचा.

सांभाळायला थोरल्या जाऊबाई, कौसाबाई, आल्या. गल्लीतली निम्मी पोरं त्यांच्या हातावर जन्मलेली. कल्याणच्या वेळी उषाबाई तापाने फणफणल्या, घरच्यांनी आशा सोडली, तेव्हा रात्रंदिवस उशाशी बसून त्यांनीच माणूस परत आणलं होतं. कापलेलं अंग म्हणजे बाळंतिणीसारखं ओलं अंग, मग ते पोट असो की गुडघा, एवढं सरळ त्यांचं शास्त्र. त्यांनी सुंभाची बाज टाकली, खाली निखाऱ्यांची शेगडी सरकवली, डिंकाचे लाडू वळले आणि सव्वा महिना पाय जमिनीला लावायचा नाही, असं ठरवून टाकलं. परसात जायचं तेही त्यांच्या खांद्यावर भार देऊन, दुखरा पाय अधांतरी धरून.

उषाबाईंनी टाचेखाली उशी घेऊन गुडघा खाली दाबून पाहिला. डोळ्यांतून पाणी आलं. कौसाबाईंनी उशीच ओढून घेतली.

"काय करून राह्यली उषा? ओल्या अंगाला असा जाच करतेत का?"

"अक्का, त्या पोरीनं सांगितलंय."

"ती पोरगी कवा बाळंत झाल्ती?"

बघायला आलेल्या शेजारणी हसल्या. उषाबाईंनाही हसू आलं. कौसाबाईंनी गोधडीची वळकटी करून गुडघ्याखाली सरकवली, आणि ठणका असा उतरला की उषाबाईंचा डोळाच लागला. मग रोज तेच. कल्याण फोनवर व्यायामाचं विचारायचा. कौसाबाई सांगायच्या, बराबर चालू आहे, दोन्ही वेळ तेल लावते. त्यात खोटं काही नव्हतं. त्यांच्या लेखी चोळणं हाच व्यायाम.

सव्वा महिना भरला. कौसाबाईंनी न्हाऊ घातलं, बाजेला हळदकुंकू वाहिलं आणि उषाबाईंना उभं केलं. टाच टेकेना. पाय विळ्यासारखा वाकलेलाच राहिला. दोघींनी मिळून दाबून पाहिलं. आत दगड असावा तसा गुडघा तसूभर हलला नाही.

कल्याण येऊन त्यांना जालन्याला घेऊन गेला. डॉक्टरांनी पाय हातात धरला आणि तो इतके दिवस कसा ठेवला होता ते विचारलं. उषाबाईंनी गोधडीच्या वळकटीचं सांगितलं. भूल देऊन मोकळा करून पाहता आला असता, पण उषाबाईंचं हृदय आता पुन्हा भूल सोसणार नाही, असं ते म्हणाले. परतताना कल्याण गाडीत धुमसत होता. मोठ्या आईला आज ऐकवतोच, म्हणाला.

"एक शब्द बोलायचा न्हाई," उषाबाई म्हणाल्या. "तिच्याजवळ तेवढा हातगुणच हाय."

दिवाळीआधीच सामान बांधलं गेलं. कौसाबाई दारात बसल्या होत्या.

"डॉक्टर काय म्हणला गं?"

"वय झालं म्हणला."

"मंग? मी आधीच सांगत व्हते," कौसाबाई म्हणाल्या, "देवानं दिलेला गुडघा कापू नको. कोणी ऐकलं माझं?"

कल्याणने गाडीचं दार उघडून धरलं होतं.

"चुकलंच माझं, अक्का," उषाबाई म्हणाल्या, आणि उचलून घेण्यासाठी त्यांनी मुलाकडे हात पुढे केले.