शेपूट नसलेला विंचू

दोन हजार तेवीस साली माझी सून सारिका हिने आमच्या भाजे गावात सातेरी मधमाश्यांच्या पेट्या आणल्या. त्यासाठी तिने माहेरच्या बांगड्या मोडल्या होत्या. पेट्या ठेवल्या माझा पुतण्या बजरंग याच्या बांधावर. तोही मोठ्या मनाचा, वर्षभर फक्त उपकारच ऐकवत होता.

हिवाळ्यात एका पेटीचं झाकण काढलं, तर फटीत तिळाएवढे किडे. प्रत्येकाला पुढे खेकड्यासारखे दोन चिमटे. बजरंगने ते पाहिलं आणि दत्तोबा आबांना हाक मारली.

आबा विंचू उतरवायचे. माझ्या तरुणपणी त्यांच्या ओट्यावर ठणकणाऱ्यांची रीघ असे. जे वाचले ते मंत्राने, जे गेले ते उशिरा आले म्हणून. आता लोक सरळ दवाखाना गाठतात, त्यामुळे विंचू म्हटल्यावर आबा धोतर सावरत धावतच आले.

"पिल्लंच हायती," ते म्हणाले. "मंग आई कुटंय?"

आमच्याकडे एक वेळ पाढे येणार नाहीत, पण विंचवाची पिल्लं आईच्या पाठीवर बसून तिलाच खातात, हे शेंबड्या पोरालाही येतं. आई दिसेना, म्हणजे ती मधात मेली, म्हणजे मध विषारी. बजरंग रॉकेलचा डबाच घेऊन आला.

"भाऊजी, थांबा!" सारिका आडवी झाली. "ह्यो विंचू न्हाईच. शेपूट कुटंय ह्याला?"

"मिसरूड जन्मतः फुटतं व्हय गं?" आबा म्हणाले. "शेपूट मागनं येतं."

सारिकाने मोबाईलवर किडा मोठा करून दाखवला. मधमाश्यांच्या शिकवणीतल्या मॅडमनी फोटो पाहून तो मागेच ओळखून दिला होता: आभासी विंचू. लाकडाच्या फटीत राहतो, पेटीतले बारीक किडे खातो, दूर जायचं तर माशीच्या पायाला लटकून फुकट जातो. माणसाला काही करत नाही. फुकट प्रवासाचं तेवढं सगळ्यांना पटलं.

मग तिने एक किडा स्वतःच्या तळहातावर घेतला. तो चिमटे उगारत मागे मागे चालला.

"पोट भरलं असंल त्याचं," आबा म्हणाले.

बजरंगने डब्याचं झाकण उघडलं. तशी सारिकाने पदर खोचला आणि चक्क हात जोडले.

"आबा, मंत्र टाका आणि तुमीच घ्या हातावर. तुमच्या म्होरं विंचवाची काय टाप!"

एव्हाना निम्मी आळी जमली होती. नाही म्हणावं तर मंत्राची अब्रू जाते. आबांनी डोळे घट्ट मिटून हात पुढे केला. ऐन थंडीत त्यांना घाम फुटला. मंत्र एवढ्या जोरात म्हटला की एक मधमाशी चिडून बजरंगच्या कानाला डसली. किडा मनगटापर्यंत उलटा चालत गेला आणि गवतात पडला.

"बांधला!" आबा ओरडले. "आता ह्या पेट्यांतलं इख मेलं!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. बजरंग कान चोळत डबा घेऊन घरी गेला. सारिका खरं काय ते सांगायला तोंड उघडणार, तोच मी तिला चिमटा काढला. शहाणी पोर, आबांच्या पाया पडली.

आबा गेल्या वर्षी झोपेतच गेले. शेवटपर्यंत ओट्यावर पुन्हा गर्दी होती. बजरंग लोहगडवाडीला दुकान लावून ट्रेकरना 'मंत्राचा मध' विकतो, चढ्या भावाने. सारिका तिकोणा पेठेत बायकांना मधमाश्या पाळायला शिकवते. माझा मोतीबिंदू काढला, तेव्हापासून ते किडे मला झाकणाच्या फटीत स्पष्ट दिसतात. शेपूट अजून एकालाही फुटलेलं नाही.