अंगठ्याएवढी जागा

"श्रुतिका, आता तिन्ही झाकणांवर पाणी सोड," सुनीलसाहेब माल तपासणाऱ्या मुलीला म्हणाले, तशी ठकूबाई कमरेवर हात ठेवून पुढे सरकली.

महाडच्या एमआयडीसीतल्या त्या कारखान्यात एकोणीस वर्षं ती पंपाची पोलादी झाकणं धूत होती. आधी डिझेल, मग साबणाचं कढत पाणी, शेवटी झाकणावर अंगठा फिरवून "झालं" म्हणायची. तिच्या तोंडून तेवढं निघाल्याशिवाय माल मुलाम्याला जात नसे. नवं गिऱ्हाईक मात्र मुलामा सुटतो म्हणून माल परत पाठवत होतं. मग साहेबांनी तेल काढायचं नवं यंत्र चाचणीला आणलं. आवाजाच्या कंपनांनी तेल सुटं करणारी पाण्याची पेटी ती. चालू केली की कान किटायचे.

"बोंबलून तेल निघालं असतं तर माझा घोव कवाच सोच्छ झाला असता," ठकूबाई म्हणाली.

एक झाकण पेटीत नुसत्या गरम पाण्यात धुतलं होतं, दुसरं पेटीतच साबण घालून, तिसरं ठकूबाईनं हातानं.

पहिल्यावर पाण्याचे थेंबच थेंब उभे राहिले. म्हणजे तेल शिल्लक. ठकूबाई गालात हसली. दुसऱ्यावर पाणी सलग पसरलं. तिच्या झाकणावरही पसरलं, आणि ती "बगा" म्हणणार तोच मधोमध फाटलं. अंगठ्याएवढी जागा कोरडी राहिली.

श्रुतिकानं परत आलेलं एक झाकण शेजारी आणून ठेवलं. मुलामा नेमका तिथंच सुटला होता.

"माज्या बोटाला तेल नव्हतं ओ सायेब! आईशप्पत नव्हतं!"

"कातडीचंच असतं, मावशी," साहेब म्हणाले. "सगळ्यांच्याच असतं."

ठकूबाईनं झाकण ओढून घेतलं, पुन्हा डिझेलमध्ये बुडवलं, साबणात घासलं, धुतलं. यावेळी हात लावायचाच नाही असं ठरवून धुतलं. वर बघितलं तर श्रुतिका तोंडावर हात ठेवून उभी. अंगठा फिरवून झाला होता. ठकूबाईला पत्ताही नव्हता.

"पेटी घेऊ, साबण घालूनच चालवू," साहेब हळूच म्हणाले. "चालवायची तुम्हीच. हातमोजे घालून."

नोकरी राहिली होती. तिनं मोजे चढवले आणि पेटीतून पहिलं झाकण उचललं. सवयीनं सगळे तिच्या तोंडाकडे बघत राहिले. तिनं झाकण उलटसुलट केलं आणि पुढं धरलं.

"श्रुतिका," ती म्हणाली, "झालं काय बग गो."