सोमवारी उतरणारी भिंत

मी एक जुना ओळंबा आहे. मित्रांनो, तुमच्यापैकी अनेकांनी मला पाहिलं नसेल, आणि पाहिलं असेल त्यांना मी भोवरा वाटलो असेन. भोवऱ्याशी माझं नातं एवढंच, की दोघांच्याही नशिबी दोरी आहे. तो फिरतो, मी लटकतो. गवंडी माझी दोरी भिंतीच्या माथ्याशी धरतो आणि मला खाली सोडतो. मी हलायचा थांबलो, की भिंत सरळ आहे की कलली आहे ते सगळ्यांना दिसतं. मला दुसरं काहीही येत नाही. आयुष्यभर लटकलेली माणसंही मी पुष्कळ पाहिली, पण ती सरळ लटकत नव्हती.

माझा जन्म एका लेथवर झाला. ज्या कारागिराने पितळेच्या कांडीतून मला कातून काढलं, त्याच्या स्वतःच्या पाठीला चांगलाच बाक होता. मला डोळ्यांसमोर धरून तो म्हणाला, "हा तरी सरळ निघाला." स्वतःच्या वाया गेलेल्या मुलाचं नाव त्याने घेतलं नाही, पण दुकानात सगळ्यांना कळलं.

पुढे मी एका म्हाताऱ्या गवंड्याकडे आलो, आणि त्याच्याकडून त्याच्या शिष्याकडे. हा शिष्य म्हणजे आमचे मिस्त्री. हात सोन्याचा, जीभ लोण्याची. 'नाही' हा शब्द त्यांच्या तोंडून कधी निघाला नाही. त्यांची बायको म्हणायची, की चोराने शिडी मागितली तर हे ती खालून धरूनही उभे राहतील. पण कामाच्या जागी आमचा वट होता. भिंतीवरून वाद झाला की मिस्त्री मला खाली सोडत आणि स्वतः गप्प बसत. वाईटपणा माझ्या वाट्याला, मजुरी त्यांच्या. तरी मी सुखात होतो.

मग मिस्त्री एका संस्थेच्या कामावर लागले. ज्यांना घर नाही त्यांना ही संस्था घर बांधून देई. विटा-सिमेंट देणगीतून यायचं. बांधणारे हात रविवारी यायचे, हौसेने आणि फुकट. ज्यांचं घर, त्यांनीही अंग मोडून काम करायचं, एवढीच अट होती. त्या वर्षी घर होतं शिवणकाम करणाऱ्या एका ताईंचं. ताई आणि त्यांच्या सासूबाई भाड्याच्या खोलीत राहत. खोलीवाल्याच्या मुलाचं लग्न ठरलं होतं, आणि पुढच्या महिनाअखेरीला खोली रिकामी करा, असं त्याने गोड शब्दांत सांगितलं होतं. शब्द गोड असले तरी दिवस तेवढेच होते.

पहिल्या रविवारी स्वयंसेवक आले. पुढारी होते एक निवृत्त हेडमास्तर. सोबत दातांचे डॉक्टर होते. दोन विटांमधली फट ते इतक्या हळुवारपणे भरत, की वीट आत्ता हात वर करून 'दुखतंय' म्हणेल असं वाटे. हेडमास्तरांचं तसं नव्हतं. वर्गात बाकं लावावीत तशा ते विटा लावत, भराभर आणि दरडावून. संध्याकाळी रस्त्याकडची भिंत छातीएवढी उभी राहिली. शेजारी काय शिजतंय याचा वास घ्यायला निघाल्यासारखी ती बाहेर झुकली होती.

मिस्त्रींनी सवयीने मला खाली सोडलं. मी भिंतीपासून चांगला हातभर... नाही, ओळंब्याने अतिशयोक्ती करू नये. मूठ जाईल एवढ्या अंतरावर लटकलो.

"काय म्हणतो तुमचा ओळंबा?" हेडमास्तरांनी विचारलं.

त्यांच्या तळहाताला फोड आले होते. नाक उन्हाने टोमॅटोसारखं झालं होतं. मिस्त्रींनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा त्या नाकाकडे, आणि नाक जिंकलं.

"उत्तम, सर. बघायलाच नको," असं म्हणून त्यांनी मला गुंडाळलं आणि पिशवीत टाकलं.

धर्माच्या गाईला दात का नाहीत असं विचारू नये म्हणतात. इथे तर दातांचे डॉक्टरच भिंत बांधत होते. कोण विचारणार?

सोमवारी सकाळी, माल कच्चा होता तोवर, मिस्त्री आणि ताईंनी भिंत उतरवली, विटा खरवडल्या आणि तीच भिंत पुन्हा सरळ बांधली. त्यात दोन दिवस गेले. ताईंचं शिवणाचं मशीन त्या दोन दिवसांत मुकं राहिलं.

पुढच्या रविवारी हेडमास्तरांनी भिंतीवरून हात फिरवला आणि समाधानाने मान हलवली. नव्या मंडळींना त्यांनी समजावून सांगितलं, की ताजी बांधलेली भिंत जरा तिरपी वाटली तरी घाबरायचं नाही, मुरली की ती आपोआप जागेवर येते. पुरावा म्हणून त्यांनी स्वतःच्या घरातल्या तसबिरींचं उदाहरण दिलं. लावताना तिरप्या वाटतात, संध्याकाळपर्यंत सरळ झालेल्या असतात. मंडळींना हे शास्त्र फार आवडलं. मनावरचा ताण गेल्यामुळे त्या दिवशी त्यांनी दुप्पट काम केलं, आणि त्यामुळे सोमवारी मिस्त्रींनाही दुप्पट काम पडलं.

असं तीन-चार रविवार चाललं. रविवारी घर चढायचं, सोमवारी उतरायचं. माझं बूड मात्र पिशवीतल्या जुन्या फडक्यात. पिशवीला भोक होतं आणि ती खिळ्याला टांगलेली असे, म्हणून मला सगळं दिसायचं. पाहुण्यांसमोर मला काढायचं नाही, असा नियमच झाला होता. घरातल्या खरं बोलणाऱ्या काकांना लग्नाला बोलवत नाहीत, तसं.

सासूबाई विटांच्या ढिगावर बसून हे पाहत. एका सोमवारी त्या म्हणाल्या, "सूनबाई, भीड ही भिकेची बहीण. सांगून टाक त्यांना."

ताईंचं म्हणणं, मिस्त्रींनी सांगावं, कारण भिंतीतलं त्यांना कळतं. मिस्त्रींचं म्हणणं, ताईंनी सांगावं, कारण घर त्यांचं आहे. शेवटी संस्थेच्या साहेबांनीच सांगावं, यावर दोघांचं एकमत झालं आणि साहेबांना सांगायला कुणीच गेलं नाही. पहिला महिना संपला होता, आणि घराला छप्पर सोडा, अजून खिडकीची चौकटसुद्धा बसली नव्हती.

मग एका सोमवारी हेडमास्तर स्वतःच आले. बायकोला आपली भिंत दाखवायची हौस त्यांना रविवारपर्यंत दम काढू देईना. येऊन पाहतात तो अर्धी भिंत खाली, आणि मिस्त्रींच्या हातात हातोडी.

"हे काय चाललंय?" ते म्हणाले.

"उंदीर," मिस्त्री म्हणाले. थोडा विचार करून त्यांनी पुस्ती जोडली, "मोठा होता."

हेडमास्तर हळूहळू लाल होत गेले. आता चिडून ते निघून जाणार आणि रविवारची सगळी मंडळी सोबत नेणार, हे मला पिशवीतूनही दिसत होतं. ताईंना तर दिसतच होतं. त्यांनी हातातली वीट खाली ठेवली, खिळ्याला टांगलेली पिशवी काढली, मला फडक्यातून सोडवलं आणि दोरी हेडमास्तरांच्या हातात दिली.

"सर, तुम्हीच धरा."

भिंतीची उरलेली बाजू त्यांनीच बांधलेली होती. दोरी त्यांनी तिच्या माथ्याशी धरली. मी झुललो, हळू झालो, थांबलो. आयुष्यात इतक्या सावकाश मी कधी थांबलो नव्हतो. सोबत आलेल्या त्यांच्या बायकोने वाकून माझ्या आणि भिंतीच्या मधे मूठ घातली. मूठ आरामात मावली.

"मला सांगितलं का नाही?" हेडमास्तर म्हणाले. आवाज एकदम लहान झाला होता.

"तुम्ही सुट्टीचा दिवस आम्हाला देता, सर. तुम्हाला नावं कशी ठेवायची?" ताई म्हणाल्या. "पण महिनाअखेरीला खोली सोडायची आहे, आणि दर सोमवारी माझं घर पुन्हा खाली येतं."

हेडमास्तर दोरी हातात धरूनच बायकोकडे वळले. बाई पदर तोंडाशी नेऊन हसू दाबत होत्या.

"म्हणजे त्या तसबिरीसुद्धा..."

"तुम्ही बाहेर गेलात की मी सरळ करते," बाई म्हणाल्या. "लग्न झाल्यापासून."

मित्रांनो, ते तावातावाने निघून गेले असते तरी मी त्यांना दोष दिला नसता. पण त्यांनी बाह्या वर केल्या आणि मिस्त्रींकडे दुसरी हातोडी मागितली. आपल्या वाट्याची भिंत त्यांनी स्वतः उतरवली. मोठ्या उंदराची चौकशी मात्र ते पुढे कित्येक दिवस करत राहिले.

त्यानंतरच्या रविवारांत त्यांनी एकही वीट रचली नाही. विटा वाहिल्या आणि मला धरलं. थोडी भिंत चढली की ते मला खाली सोडत आणि गरजत, "पुन्हा." डॉक्टरांना फक्त फटी भरायचं काम मिळालं, आणि त्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. कुणाला वाईट वाटलं, कुणी दोन दिवस अबोला धरला, पण सोमवारी घर पहिल्यांदाच पुढे गेलं. ताई आणि सासूबाई महिनाअखेरीला नव्या घरात आल्या. गिलावा व्हायचा होता आणि दारांना रंग नव्हता. सासूबाईंनी भिंतीला पाठ टेकून पाहिली आणि म्हणाल्या, "ही काही उद्या उतरत नाही."

आता मिस्त्रींकडे भिंत सरळ आहे का ते दाखवणारं लाल उजेडाचं एक यंत्र आलं आहे. मला त्यांनी ताईंना देऊन टाकलं. मी मशीनशेजारी खिळ्याला लटकतो. झग्याचा घेर एका बाजूला उतरला आहे का, ते ताई माझ्याकडे बघून ठरवतात, आणि उतरला असेल तर गिऱ्हाइकाला तोंडावर सांगतात. गिऱ्हाइकं वाढली आहेत.

परवा हेडमास्तर मला एका दिवसासाठी मागून घेऊन गेले. घरी नवी तसबीर लावली होती. त्यांनी मला चौकटीच्या कडेला धरलं. सवयीने बाईंच्या ओठांवर 'छान आहे' आलं, आणि तिथेच थांबलं.

"तिरपी आहे हो," त्या म्हणाल्या.

"किती?" त्यांनी विचारलं, आणि स्टूल ओढलं.

म्हणून मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. मला घासूनपुसून कपाटात ठेवू नका, माझी दोरी तेवढी कुजू देऊ नका. आणि कुणी तुमच्यासाठी मायेने काही वाकडं बांधलं, तर सोमवारी त्याच्या पाठीमागे ते उतरवू नका. रविवारीच सांगा. नाक लाल झालेलं असलं तरी.